लाभाचं घमेलं

भूकंपानंतर लष्करातल्या आमच्या इंजिनिअर कंपनीची एक तुकडी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या खोल्या बांधायला आली. मी हवालदार, रेणापूरचा. हाताखाली लान्स नायक नागनाथ, देगलूरचा. मजूर गावातलेच, बहुतेक बाया. कॅप्टन साहेबांचा हुकूम होता, यांना नुसतं राबवायचं नाही, अक्षरं आणि मोजमाप शिकवायचं. आपण गेल्यावर घरं यांनाच बांधायचीत.

शिकवणं नागनाथकडं. उंचीनं बुटका, आवाज मात्र परेड ग्राउंडचा. जेवण झालं की पत्र्यावर खडूनं आकडे काढायचा. मराठीत अडला की तेलुगूत घुसायचा.

"सोजरअक्का, हा कोणता?"

"सहा हाय की! मला काय खुळी समजलास?"

बाया खो खो हसायच्या. सोजर माल कालवणाऱ्या टोळीची मुकादम. एक घमेलं सिमेंटला सहा घमेली वाळू, ही मोजणी तिची.

भिंत कमरेइतकी आली तेव्हा साहेब तपासणीला आले. विटांच्या सांध्यात खिळा ओढला. भुगा पडला.

"हवालदार, काम बंद. उद्यापर्यंत कारण कळलं नाही तर बाहेरची टोळी येईल."

म्हणजे बायांचं काम गेलं, शिकणंही गेलं. सोजरचं तोंड उतरलं. "आमी सिमिट चोरलं न्हाई, साहेब," एवढंच ती बोलली.

साहेब कॅम्पवर गेले. माझं डोकं तापलेलं. "परत कालवा, माझ्यासमोर!"

सिमेंटचं घमेलं पालथं झालं. सोजर वाळू टाकू लागली. "लाभ... एक... दोन..." सहाला थांबली. वाळूची घमेली पडली होती सात.

"अगं, लाभ मोजला नाहीस!"

"आता बया! लाभ कुणी मोजतंय व्हय? धान्याची रास मापताना पयलं माप देवाचं. मोजलं तर बरकत जाती."

मी कपाळावर हात मारला. नागनाथ पोट धरून हसला. "अक्का, लाभ सोडू नको. फक्त तो सिमेंटला म्हण. मग वाळू एक ते सहा."

सोजरनं विचार केला. "हाव, खरं हाय. म्हागाची चीज, देवाला तीच शोभती."

मी वायरलेस उचलला. "सर, कारण सापडलं. ओव्हर."

"मग टोळी तीच ठेवा. ओव्हर."

बायांनी तिथंच फुगडी धरली, मलाही ओढलं. हवालदाराची पार इज्जत गेली, पण लई मजा आली. कच्ची भिंत सोजरनं स्वतः घण घालून पाडली. नव्या भिंतीवर साहेबांचा खिळा घसरला.

पुढची पोस्टिंग उत्तरेत. तिथं सुरुंग काढताना नागनाथ गेला. सुट्टीत मी गावात जाऊन सांगितलं. सोजरनं पदर तोंडाला लावला. मीही रडलो, लपवलं नाही.

पेन्शनीत आलो तोवर लातूरच्या गल्लोगल्ली कोचिंग क्लासेस झाले होते. एका होस्टेलच्या बांधकामावरून जाताना ओळखीचा आवाज ऐकला. सोजर! पिकलेले केस, हातात नकाशा, मिस्त्रीवर डाफरत होती. खाली एका पोरीनं सिमेंटचं घमेलं पालथं केलं आणि ओरडली, "नागनाथ!" मग वाळू पडू लागली. "एक... दोन... तीन..."

माझे पाय आपोआप सावधान झाले. सहा झाल्यावर पोरीला विचारलं, "बाई, नागनाथ म्हणजे काय?"

"पयलं घमेलं, बाबा. त्याच्याबिगर भिंत धरत न्हाई."