शिवलेला बादशाह

गफूरभाईंकडून गोष्ट ऐकायची तर सायकल पंक्चर असावी लागे. चालत्या सायकलवाल्याशी ते बोलतच नसत. राळेगावच्या बस स्टँडसमोर कडुलिंबाखाली त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक पेटी, एक पंप आणि घमेलंभर पाणी! काम जेवढं, गोष्ट तेवढी. साध्या पंक्चरला एखाद्या राणीची लहानशी गंमत. नुसती हवा भरायची असली तर दोन वाक्यं: "एक बादशाह होता, त्याले लिहता-वाचता येत नोतं, अन् घरात पुस्तकं हजारोनं! रोज दुसऱ्याकडून वाचून घे. जा आता, हवा भरली." आणि सायकल पूर्ण खोलायची निघाली तर मग काय विचारता, अख्खी राजवट ऐकायला मिळे. मी स्वतः धडधाकट ट्यूबला बाभळीचा काटा टोचून त्यांच्याकडे गेलोय. आता सांगायला लाज कसली?

मी तेव्हा चार मैलांवरच्या एका गावात मास्तर होतो. छप्पन साली आमच्या घरानं बुद्ध धम्म घेतला, त्यानंतर दोनेक वर्षांनी मला ही नोकरी लागली. घराण्यातला पहिला पगारदार मी. पण नोकरी अजून कच्ची होती, शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांचा शेरा चांगला पडला तरच कायम होणार होती. गणित माझं पक्कं. इतिहास म्हटलं की कपाळाला आठ्या. हेडमास्तरांनी नेमका सहावीचा इतिहास माझ्या गळ्यात मारला. पोरं पेंगत, आणि खरं सांगतो, मीही पेंगत असे.

गफूरभाई उंच, जरा पोक काढून चालणारे, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथं दोरा. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा दिसला की त्यांना गोष्ट सुचायची. "मास्तर, आता पाहा गंमत! एक शास्त्रज्ञ असाच टबात बसला. पाणी सांडलं. त्याच्या डोक्यात उजेड पडला अन् तो तसाच पळाला ना जी रस्त्यानं! कपडे कोण घालते?" सांगता सांगता ते स्वतः उठून उभे राहत, ओली ट्यूब हातात, आणि गिऱ्हाईक आपलं चाक धरून बसलेलं. नाव कधी घेत नसत. विचारलं की म्हणत, "नावाचं काय करता? माणसाचं काम पाहा." आणि कोणी शंका काढली की त्यांचं एकच ठरलेलं उत्तर: "छापील हाय!"

ते छापील पुस्तक पेटीत, हत्यारांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं असे. एका भंगार सायकलच्या कॅरियरला बांधलेलं त्यांना मिळालं होतं. ना पुट्ठा, ना पहिली पानं. वरचे कोपरे वाळवीनं खाल्लेले, त्यामुळे पानांचे आकडेही गेलेले. सुटी झालेली पानं त्यांनी स्वतः दाभणानं, सुतळीनं शिवून काढली होती. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण ते पुस्तक तोंडपाठ!

एकदा माझं मागचं चाक पार वाकडं झालं आणि मला ती मोठी गोष्ट ऐकायला मिळाली. दिल्लीच्या एका बादशाहानं राजधानी उचलली ती थेट आपल्या देवगिरीला आणली. मग तांब्याचं नाणं काढलं, तर लोकांनी घरोघरी तसलीच नाणी पाडली. "राज्य बुडालं! लढाईत हरला, पळाला, घोड्यासंग नदीत पडला. बुडून राह्यला ना बाप्पा! तेवढ्यात आला एक भिश्ती. पाणी वाहणारा. त्यानं आपली मशक, पाण्याची कातडी पिशवी, फुगवून देल्ली, तिच्यावर बादशाह तरला. म्हने, माग काय मागतं ते. भिश्ती म्हने, तख्तावर बसतो. अन् बसवला, मास्तर! तांब्याचं नाणं फसलंच होतं, भिश्त्यानं मशक कापून चामड्याचं काढलं!"

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या आजाला विहिरीच्या दोराला हात लावता येत नव्हता, कोणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीत पाणी. आणि इथं पाणी वाहणारा माणूस दिल्लीच्या तख्तावर! मी दुसऱ्याच दिवशी वर्गात ही गोष्ट अशी रंगवली की मागच्या बाकावरची पोरं पुढं येऊन बसली. टेबल तख्त झालं, माझी पिशवी मशक झाली. महिनाभर पोरांनी दुसरा खेळच खेळला नाही.

पुढच्याच महिन्यात डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी सहावीला विचारलं, "राजधानी देवगिरीला कोणी आणली, त्याचं पुढं काय झालं?" सुमन नावाची हुशार पोरगी ताडकन उठली आणि नदी, मशक, भिश्ती, चामड्याचं नाणं सगळं धडाधडा सांगून मोकळी झाली. मी आपला छाती फुगवून उभा!

साहेब माझ्याकडे वळले. "हे दोन बादशाह आहेत, मास्तर. मध्ये दोनशे वर्षं आहेत. कोणत्या पुस्तकात वाचलंत?"

मी कसंबसं म्हणालो, "पुस्तक राळेगावात आहे."

"मी आज तिथल्याच रेस्ट हाऊसवर आहे. पाचच्या आत घेऊन या. शेरा त्यानंतर लिहीन."

चार मैल सायकल कशी हाणली ते माझं मला ठाऊक नाही. लिंबाखाली गिऱ्हाइकांचा घोळका होता. सगळ्यांच्या देखत मी ओरडलो, "गफूरभाई, बुडवलंत मला! म्हणे छापील हाय! माझी नोकरी चालली!" त्यांनी उघडं चाक तसंच टाकलं, फडक्यातलं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "चला."

"तुम्ही कशाला? पुस्तक द्या."

"पुस्तक बोलत नाही, मास्तर. मी सांगितलं, तर मीच येतो."

रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात ते चपला काढून उभे राहिले. साहेबांनी पुस्तक चाळलं, सुतळीपाशी बोट ठेवलं, एक पान उलटून पुन्हा मागं आले. "इथं पानं गळालीत. बरीच. एक राजा या पानावर संपतो आणि पुढच्या पानावर भलताच नदीत पडतो. शिवलं कोणी?"

"मी," गफूरभाई म्हणाले. "छापलेलं खरंच होतं साहेब, शिवलं मी चुकीचं. मास्तरचा काही कसूर नाही. लेकरू इश्वासानं आयकत गेलं. शेरा लिहायचा तं माह्या नावानं लिहा."

मी बाजूला मान खाली घालून उभा. ज्या माणसाला मी चार लोकांत बोल लावले, तो माझ्यासाठी हात जोडून उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग गफूरभाईंनी भीत भीत विचारलं, "साहेब, एक सांगा. भिश्ती तरी खरा हाय ना?"

साहेब पहिल्यांदा हसले. "चामड्याचं नाणं लोक सांगतात. पण भिश्ती खरा. त्या बादशाहाच्या घरातल्याच बाईनं, बहिणीनं लिहून ठेवलंय."

"बहिणीनं!" गफूरभाई अर्धा हात उडाले. "आयकलं का मास्तर? घरच्या बाईनं लिहलं! तख्तावर बसलाच तो!" मघाशी हात जोडून उभा असलेला हाच का माणूस, असं वाटावं! साहेबांनी माझ्या शेऱ्यात लिहिलं, 'वर्ग उत्साही आहे. तपशील तपासून सांगावा.' माझी नोकरी राहिली.

गफूरभाईंची मात्र पत गेली. गिऱ्हाइकं चिडवू लागली, "काहून जी गफूरभाई, आज कोणाचं मुंडकं कोणाच्या धडाले शिवता?" लोक पंक्चर दुसरीकडे काढू लागले. दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. हा गडी मात्र भर बाजारात, धावत्या सायकलीपुढे आडवा व्हायचा. "थांबा भाऊ! तुमाले मी बादशाह सांगतला होता ना? ते दोन होते, दोन! मधात दोनशे वर्सं गेले. भिश्ती दुसऱ्याचा हाय, पण हाय!" माणसं आधी हसत, मग ऐकत, मग पंक्चर नसतानाही थांबत. ज्यांना त्यांनी सांगितलं होतं ते चेहरे त्यांच्या पक्के ध्यानात होते. दर शुक्रवारी नमाज झाली की सायकल काढून गावोगाव जात आणि एकेकाला गाठून सांगून येत. मी एकदा म्हणालो, "जाऊ द्या ना आता, कोणाचं काय अडलंय?" तर माझ्यावरच भडकले. "मास्तर, त्यानं घरी जाऊन लेकराले सांगतलं असन. ते लेकरू कोणापुढं उभं राहीन तवा?"

चारेक वर्षांनी माझी बदली झरीकडच्या जंगलात झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा गफूरभाईंना दम लागत होता, पंप पोरगा मारत होता. हात धरून म्हणाले, "तिकडं एक फॉरेस्टचा नाकेदार हाय, गालावर चामखीळ. त्याची सायकल मी पुरी खोलली होती. त्याले सांगायचं राह्यलं. तेवढा एकच राह्यला, मास्तर."

पावसाळाभर शोधला तेव्हा तो सापडला, सागवानाच्या डेपोवर. चामखीळ बघून मी सायकलवरून उडीच मारली. सगळं सांगितलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "घ्या! म्या तं चार पोडांवर सांगून ठेवलं, साऱ्या कोलामाइले!" आणि हातातलं रजिस्टर मिटून तिथूनच निघाला. चारही पोडांवर, कोलाम आदिवासींच्या त्या जंगलातल्या वस्त्यांवर, आम्ही दोघं बरोबर गेलो, तीन दिवस लागले.

मी त्याच आठवड्यात राळेगावला पोस्टकार्ड टाकलं: नाकेदार भेटला, सांगितलं, पुढचेही चार पोड झाले. उत्तर गफूरभाईंच्या पोरानं लिहिलं होतं. "तुमचं कार्ड अब्बांना दोनदा वाचून दाखवलं. लय खूश झाले. म्हनले, आता कोणाचंच राह्यलं नाही. परवा गेले."