कपाळ पुसून आणलेले पैसे

भाटघरच्या पाण्याखाली एवढी शेतं गेली, पण माझ्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस त्या सगळ्यांत दुसरा नसेल. धरणात जमीन गेली, सरकारने मोबदला ठरवला, बाकीच्यांनी जाऊन घेतला. हे गेलेच नाहीत. "काळ्या आईचं पैसं घ्यू व्हय म्या?" एवढंच म्हणाले, वरच्या माळावर खोपट बांधलं आणि तिथेच वारले. पैसे भोरच्या खजिन्यात त्यांच्या नावावर पडून राहिले. मला त्याचा पत्ताही नव्हता.

आमचे हे त्यांचे एकुलते एक. आगबोटीवर काम मिळतंय म्हणून मुंबईला गेले, तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, ती पाटलांनी वाचून दाखवली. पुढे काहीच नाही. मी चिडायचे, एकटी असले की शिव्याही घालायचे, आणि रोज सकाळी कुंकू मात्र ठसठशीत लावायचे.

मुलीला अकरावं वर्ष लागलं आणि तिचा गुडघा सुजला. लेप झाले, अंगारे झाले, आतला पू काही हटेना. पाठीवर घेऊन तिला भोरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर पाय कापावा लागेल. आता पुणं काय फुकट होतं? डोरल्याचे मणी औषधापायी कधीच सोनाराकडे गेले होते, गळ्यात नुसती काळी पोत. चार दारं हिंडले, कुणाकडेच काही नव्हतं. शेवटी पाटील म्हणाले, तुझ्या सासऱ्याचे पैसे खजिन्यात आहेत की, जाऊन अर्ज कर. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

कचेरीतला कारकून भला माणूस. त्याने दप्तर काढून बघितलं. पैसे होते, पण वारस मुलगा, त्याला घेऊन या म्हणाला. अहो, तो असता तर मी कशाला आले असते? त्याने समजावून सांगितलं. नवरा जिवंत असेल तर त्याचाच अंगठा लागेल, वारला असेल तर बायकोचा चालेल. सात वर्षं खबर नसेल तर गावच्या पंचांनी तो वारला असं लिहून द्यावं. आणि नाही दिलं तर, असं मी विचारलं. तर पैसे आहेत तिथेच राहतील, असं तो खाली बघून म्हणाला.

भोरहून घरी येईपर्यंत रडत होते. पंच तयार होते. पाटलांनी कागद पुढ्यात घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सही करतो. पन कपाळावर हे ठिवून कशी करू, बाई?"

मी अंगणात येऊन बसले. आत पोरगी कण्हत होती. दगडावर दोन्ही हात आपटले. बांगड्या एका फटक्यात फुटत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. पोत तोडली, कुंकू पदराने पुसलं आणि आत गेले. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

"आये, बा मेला?"

"व्हय," म्हटलं. खरं की खोटं, मला तरी काय माहीत!

दुसऱ्या दिवशी कारकुनाने मयताचं नाव विचारलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, नंतर ते नाव कधी ओठांवर आणलं नव्हतं. जीभ उचलेना. मागे माणसं खोळंबली होती. कशीबशी नाव बोलले, पुढे "वारले" म्हणाले आणि अंगठा दिला.

पाय वाचला. थोडी लंगडते, पण पाय आहे.

पुढे तिचं लग्न झालं. पोटच्या पोरीला हळद लावायला मला कुणी बोलावलं नाही. मी बायकांच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. ती आपल्या दोन पायांनी बोहल्यावर चढली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि मी वाटेकडे. हे आत्ता दारात उभे राहिले तर काय तोंड दाखवू? सात वर्षं त्या वाटेकडे बघून या हो, या हो म्हणत होते. त्या दिवशी हात जोडून मनात एकच म्हणत होते, आता येऊ नका.