आईंचे पाय आणि लदीनचे चणे

आमच्या उमेळे गावात मे महिना आला की रोज संध्याकाळी गल्लीतल्या क्रूसाजवळ लदीन असते. आधी जपमाळ, मग पवित्र मातेचं एकेक बिरुद पुकारायचं आणि सगळ्यांनी ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचं. शेवटी उकडलेले चणे. रोज एका घराचा दिवस. ज्यांचा दिवस त्यांनी क्रूस सजवायचा, चणे करायचे आणि आजची प्रार्थना कोणत्या हेतूसाठी आहे ते माइकवर सांगायचं. लदीन सुरू करायचा मान त्या घरातल्या थोरल्या बाईचा. आमच्याकडे हा मान सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आईंचा. त्यांना सगळं तोंडपाठ, आणि आवाज असा की क्रूसामागच्या नव्या इमारतीतले लोक खिडक्या उघडून बघायचे.

मग मणक्याच्या दुखण्यात त्यांचे पाय गेले. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, शेवटी व्हीलचेअर आली. मी कुठलंही काम फ्रिजवर यादी चिकटवून करते, तशी प्रार्थनेचीही केली. नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना झाल्या, उपास झाले, फादर येऊन आजाऱ्यांचं तेल लावून गेले, रिट्रीटचं शिबिर झालं, मातेला मेणाचे पाय वाहून झाले. यादी संपली. पाय होते तसेच.

चर्चमधली मिस्सा मी एकही चुकवली नाही, तिथली फुलांची ड्यूटीही सोडली नाही. पण ‘आम्हांसाठी विनंती कर’ आलं की माझे ओठ मिटायचे. एवढ्या विनंत्या पाठवल्या, एकीचीही पोच नाही. आता आणखी काय म्हणायचं?

त्यात आमच्या लदीनच्या दिवशी दरवर्षी एकच हेतू: आईंचे पाय बरे व्हावेत. पहिल्या वर्षी त्या खुर्चीत बसून आल्या. दुसऱ्या वर्षी सर्दी झाली म्हणून घरीच थांबल्या. मी पुस्तकात बघून लदीन सुरू केली आणि दोन पानं एकदम उलटली. यंदा दिवस ठरला तेव्हा आईंना एप्रिलपासूनच सर्दी होती.

“मग आपला दिवस शेजारी देऊन टाकते,” मी म्हटलं.

“दे.”

ज्या बाईने कुठल्याही सणाला पुढचा बाक कुणाला दिला नाही, ती ‘दे’ म्हणते? आज दिला तर हा दिवस आमच्या घरात परत यायचा नाही, हे दोघींनाही कळत होतं. मी गॅस बंद केला आणि समोर जाऊन बसले.

“आई, सर्दी नाही. खरं काय ते सांगा.”

“गो बाय, परीक्षा आहे ती माझी. माइकवर माझे पाय पुकारता आणि सगळी गल्ली खाली वाकून बघते, हलले का म्हणून. दरवर्षी नापास व्हायला कोण येईल?”

मला हे सुचलंच नव्हतं. गल्लीतल्या कुणालाच सुचलं नव्हतं. प्रेमाने मागतोय, मोठ्याने मागतोय, एवढंच आम्हाला ठाऊक.

“पण मागायचं सोडलं तर देवाला वाटेल, आता यांना नको.”

“का? रेशनकार्ड आहे का ते, रद्द व्हायला?”

“मग हेतू काय सांगू?”

“आभार सांग. पाय सोडून बाकी सगळी चालते मी. जीभ तर बघतेसच.”

मी लगेच कामाला लागले. सोनचाफा आणि मोगरा बागेतून, माइक समोरच्या चुलत जाऊबाईंकडून. गल्लीत इमारतीतल्या लोकांच्या मोटारसायकली उभ्या असतात, खुर्ची त्यातून जाणार नाही. म्हणून इमारतीत राहणाऱ्या मालवणच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं. त्या चण्यांसाठी म्हणून यायला लागल्या आणि आता पहिल्या बिरुदापासून हजर असतात. त्यांनी घरोघरी बेल वाजवून गाड्या हलवून घेतल्या. संध्याकाळी खुर्ची क्रूसापर्यंत सरळ गेली.

“मावशी, आलात!” काकू म्हणाल्या. “तुमच्याशिवाय मे महिना सुना गेला हो.”

“सुना कसला? ही सून होती ना, दोन पानं उडवणारी!”

मी हेतू सांगितला: आमच्या घराला मिळालेल्या सगळ्यासाठी आभार. खाली बसते न बसते तोच जाऊबाईंनी सवयीने माइक उचलला. “आणि आपल्या काकींच्या पायांसाठीही...”

त्यांचं वाक्य पुरं झालंच नाही. आईंनी खणखणीत आवाजात मातेचं गीत सुरू केलं, माइकशिवाय. जाऊबाईंचं तोंड उघडं होतंच, तर त्यांनी गायलाच सुरुवात केली. वरच्या खिडक्या उघडल्या. गल्लीतल्या कुणी वाकून पायांकडे पाहिलं नाही. सगळे आईंच्या तोंडाकडे बघत होते.

मग जपमाळ, मग लदीन. पहिलं बिरुद आईंनी पुकारलं आणि लोकांबरोबर माझ्याही तोंडून निघालं, ‘आम्हांसाठी विनंती कर’. ठरवून नाही. त्या इतक्या भरभर पुकारत होत्या की विचार करायला वेळच नव्हता.

चण्यांचं पातेलं आईंनी मांडीवर घेतलं. रांग त्यांच्यापुढे लागली. “तू नेहमी दोनदा घेतोस. तू लग्न कर, मग मिळतील.” पातेलं रिकामं झालं तेव्हा त्या मीठ कमी पडल्याची तक्रार करत होत्या.

घरी येताना मी खुर्ची ढकलत होते. गाड्या अजून बाजूलाच होत्या. माझे ओठ हलताना आईंना कसे दिसले कोण जाणे, त्या तर पुढे बघत होत्या.

“पायांसाठी मागतेस ना?”

“हो.”

“माग. मीपण मागते रोज. माइकवर नको म्हटलं होतं मी.”

“आणि नाहीच दिलं तर?”

“तर पुढच्या वर्षी चणे अजून मऊ शिजव. पाय गेले ते गेले, आता दात हलायला लागलेत.”

घरी पोचल्यावर मी फ्रिजवर पुढच्या मे महिन्यासाठी एक ओळ लिहिली: चणे जास्त वेळ भिजवणे. बाहेरच्या खोलीतून आईंनी ओरडून सांगितलं, “मीठ पण लिही!”