अस्वलाच्या पिल्लाचं बारसं

मेधाचा फोन आला तेव्हा मी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकल चालवत होतो. "सुहास गेला रे... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. सायकल बाजूला घेतली आणि वाळूतच बसलो. आदल्याच रविवारी तिच्या या नवऱ्याने हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत माझ्या ताटातला अर्धा पराठा फस्त केला होता आणि वर, तुझं वजन वाढतंय, असं मलाच ऐकवलं होतं. महिना होऊन गेला तरी माझा राग जात नाही. असं न सांगता जातात का?

आम्ही बाकीचे पुण्याहून इथे कॉम्प्युटरसमोर बसायला आलो. सुहास आला विद्यापीठात संशोधक म्हणून, मलेशियाच्या जंगलातल्या काळ्या अस्वलांच्या मागे. दर महिन्याला सीमा ओलांडून तिकडे जायचा आणि चिखलाने भरलेले बूट घालून टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर परतायचा. मेधा त्याला दारातच अडवायची. त्याचं एकच दुखणं होतं. तोड चालते तिथे जुनी पोकळ झाडं आधी पाडतात; लाकूड फारसं मिळत नाही, वर अंगावर कोसळायची भीती. पण अस्वलाची मादी पिल्लांसाठी तसलीच ढोली शोधते. "जंगल उभं दिसतं रे, पण बाळंतिणीला खोली उरत नाही," तो म्हणायचा. तोडीचा मुकादम अझीझ भला माणूस. चहा पाजायचा, सुहासचं सगळं ऐकून घ्यायचा आणि झाडं पाडायचा.

मग एका ढोलीसमोर लावलेल्या कॅमेऱ्यात पिल्लू दिसलं आणि नेमकी त्याच झाडाची पाळी जवळ आली. सुहासने काय करावं? चक्क घरी बारसं ठेवलं! साडीची झोळी बांधून तीत पिल्लाचा फोटो ठेवला, मेधाने घुगऱ्या केल्या आणि अझीझला सहकुटुंब बोलावलं. त्याची बायको नोरा बिचारी बाळासाठी झबलं घेऊन आली. झोळीत डोकावली आणि इतकी हसली की खालीच बसली. "आमच्यात नाव आत्या ठेवते," सुहास गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "याला आत्या नाही. तुम्ही होता का?" नोराने फोटोच्या कानाशी 'मानिस' असं नाव सांगितलं, त्यांच्या भाषेत गोड. आमच्यातल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. निघताना तिने विचारलं, बाळ झोपतं कुठे? सुहासने झाडाचा फोटो दाखवला. ती नवऱ्याकडे वळली. "हे झाड तू पाडणार?" अझीझ वाटीतल्या घुगऱ्या निवडत राहिला. झाड राहिलं.

गेल्या आठवड्यात मेधा तो कॅमेरा काढून आणायला निघाली. जंगल म्हटलं की मी लांबच राहतो, तरी सोबत गेलो. अझीझच आम्हाला घेऊन गेला. मानिसचं झाड उभं होतं. पुढे तोडलेल्या बुंध्यांमध्ये आणखीही पोकळ झाडं उभी दिसली.

"ही कशी राहिली?" मी विचारलं.

"यांची बारशी व्हायचीत ना," अझीझ म्हणाला. "पिल्लू दिसलं की बोलावतो, असं डॉक्टर सुहास म्हणाले होते."

मला रडू आवरेना. मेधाने कॅमेऱ्याचा पट्टा सोडायला घेतला होता, तो तिने पुन्हा घट्ट आवळला.

"पुढच्या महिन्यात बॅटऱ्या घेऊन येते," ती अझीझला म्हणाली.