चोविसावा फाऊल

पुण्यात असताना मी फुटबॉलचा एकही सामना पुरता पाहिला नव्हता. तरी सिंगापूरमधल्या वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात वर्षभरातच फाऊल मोजण्याच्या बाबतीत माझा शब्द चालू लागला. सामन्यांची आकडेवारी परदेशातल्या बेटिंग कंपन्यांना पुरवणं हे आमचं काम. दोन्ही संघांचे मिळून फाऊल किती होतील यावर लोक पैजा लावतात आणि त्यांचा निकाल आमच्या आकड्यावर लागतो.

मला हे शिकवलं तोआ पायोहला राहणाऱ्या एका अंकलनी. ते पूर्वी रेफरी होते, निवृत्तीनंतर आमच्याकडे तपासनीस म्हणून आले. "कोण कसा पडला ते बघू नकोस," ते सिंगापुरी ढंगात म्हणायचे, "रेफरीने काय दिलं ते बघ, lah." हँडबॉल फाऊल धरायचा, ऑफसाइड नाही. खेळ न थांबवता रेफरीने अ‍ॅडव्हांटेज दिला, तर तो फाऊल मोजायचा नाही. मात्र त्याच फाऊलसाठी नंतर कार्ड दाखवलं, तर मोजायचा. आमच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं.

एका सोमवारी सकाळी तक्रार आली. पैज साडेतेविसाची होती: फाऊल त्याहून जास्त होतील की कमी. आमचा आकडा तेवीस, म्हणजे 'कमी'वाले जिंकले. एका हरलेल्या माणसाचं म्हणणं होतं, फाऊल चोवीस झाले. अशा तक्रारी रोजच येतात. मॅनेजर म्हणाला, "नेहमीचं उत्तर पाठवून दे."

पण त्या माणसाने मिनिटांसकट पूर्ण यादी पाठवली होती. मी हेडफोन लावून सामना पहिल्यापासून पाहिला. दुसऱ्या हाफमध्ये एका बचावपटूने मागून पाय घातला, रेफरीने दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवला. चेंडू बाहेर गेल्यावर तो मागे धावत आला आणि त्याच बचावपटूला पिवळं कार्ड दाखवलं. आमच्या नोंदीत कार्ड होतं, फाऊल नव्हता.

मी अंकलना बोलावलं. त्यांनी तेवढा तुकडा दोनदा पाहिला. "चोवीस," ते म्हणाले आणि चहा आणायला गेले.

मॅनेजर वैतागला. "निकाल लागून गेलाय. आता बदलला तर जिंकलेले लोक ओरडतील."

"ओरडू देत," मी म्हणाले. "चूक आपली आहे. अशी चूक निकालानंतर चोवीस तासांच्या आत दुरुस्त करायची, हे आपणच लिहून दिलंय. अजून सहा तास आहेत."

त्याने नियमावली उघडून ते कलम वाचलं. मग म्हणाला, "मेल तुझ्या नावाने जाईल."

"जाऊ दे."

दुपारपर्यंत आकडा बदलला, सगळ्या पैजांचे निकाल फिरले. तक्रार करणाऱ्याचं पुन्हा काही आलं नाही, आभारही नाहीत. 'कमी'वाल्यांपैकी एकाचं पत्र मात्र आलं: जिंकलेली पैज हिसकावून घेता, लाज वाटत नाही का?

त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. नेहमीचं उत्तर त्याला पाठवायला मन होईना. मी लिहिलं, तुमचा राग रास्त आहे. पहिला आकडा आम्ही चुकीचा दिला, दुसरा बरोबर आहे. मग कोणत्या मिनिटाला काय झालं ते लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं.