दोन बशांतले काळे मणी

दागिने करायला शिकवणारं ते हिंदी पुस्तक मी पंडरीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून उचललं. आत चित्रंच चित्रं, आणि चित्रांत नुसते हात. मनगटाच्या वरचं माणूस कुठंच नाही. झुमके, पैंजण शिकता शिकता ते हात मला घरातल्या कुणाचे तरी वाटू लागले होते.

त्याच सुमारास माझ्या मंगळसूत्राचा दोरा कुजला. सोनार म्हणाला, ठेवून जा, उद्या देतो. मी म्हटलं, मग पुस्तक कशाला आणलंय? दुपारी हे भनपुरीला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. आमच्याकडेच राहणारी आई पुरानी बस्तीतल्या देवळात गेलेली. गळा मोकळा नको म्हणून जाताना तिनं मला हळकुंडाचा दोरा बांधला होता. मी तो तिच्या समाधानासाठी बांधून घेतला.

पुस्तकात लिहिलं होतं, आधी जुन्या मण्यांवर हात बसवा. जुने मणी कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. बाबा गेल्यावर आईनं मंगळसूत्र उतरवलं. सोनं माझ्या लग्नात मोडलं, काळे मणी तिच्या डबीत राहिले. काच ती काच, असं म्हणून मी डबी काढली. एका बशीत तिचे, दुसरीत माझे. मग कोपर लागलं आणि दोन्ही बशा फरशीवर आल्या.

मी वेचायला बसले. विधवेचे कोणते, माझे कोणते, काही कळेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळच्या आत गळ्यात काहीतरी हवं, म्हणून मी त्याच ढिगातून ओवलं. गाठी अगदी चित्रातल्यासारख्या आल्या. इतक्या सफाईनं मी आधी कधीच ओवलं नव्हतं, आणि ते मला आवडलं नाही.

वेचायचे राहिलेले मणी पुढे घरभर सापडू लागले. तांदूळ निवडताना एक. यांच्या उशीच्या अभ्र्यात एक. एका सकाळी यांनी बूट झटकला.

"हे काय आहे? कालपासून टोचून राहिलं."

तळहातावर काळा मणी होता. मी हसले आणि तो पटकन घेतला.

त्यानंतरच्याच आठवड्यात एकदा दिवेलागण झाली तरी हे आले नाहीत. फोन लागेना. भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकच ट्रक. मन चिंती ते वैरी न चिंती.

"काहून वं, अंधारात काहून बसली?" आईनं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. रागावेल वाटलं होतं. ती जवळ बसली, माझ्या गळ्यातली पोत तशीच बोटांत धरली आणि एकेक मणी चाचपत राहिली.

"हे आताचं नाही, बाई. तुह्या लग्नात मणी कमी पडले होते. मीच माह्यातले टाकले. माह्यात तुह्या आजीचे होते."

आजोबा आई पाळण्यात असताना गेले. बाबा मी शाळेत असताना.

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"मले कोणी सांगितलं होतं? तुहे बाबा गेले, त्या दिवशी तुह्या आजीनं सांगितलं. तुले निदान अगोदर समजलं."

मला तिचा भयंकर राग आला, आणि तिला सोडून उठवेना. फाटक वाजलं तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. हेच होते. फोनची बॅटरी उतरली होती म्हणाले, चहा टाक म्हणाले. मी त्यांचा हात धरला तो सोडेचना, शेवटी चहा आईनं टाकला.

चुकलेली ओवण कशी मोडायची तेही पुस्तकात आहे. दोरा कापायचा, मणी बशीत घ्यायचे, पुन्हा सुरुवात. मी कात्री बऱ्याचदा हातात घेतली. पण हे घरातून निघतात तेव्हा फाटकापर्यंत जाताना ती पोत मी मुठीत घट्ट धरलेली असते, आणि दोरा कुठे विरला तर नाही ना, एवढंच बघत असते.