नाव घेतलेलं औषध

आमच्या घरात काविळीचं औषध होतं. रविवारी सकाळी मंठ्यापासून वाटूरपर्यंतची माणसं उपाशीपोटी येऊन आमच्या अंगणात बसायची. आबा, म्हणजे माझे वडील, दिवस उगवायच्या आधी शेतात जाऊन एक झाड मुळासकट उपटायचे, धोतराच्या सोग्यात झाकून आणायचे, स्वतः वाटायचे आणि ताकात कालवून द्यायचे. असे तीन रविवार. तेल-तिखट बंद. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा बरं वाटल्यावरच. जाता-येता कोणाशी बोलायचं नाही. आणि झाडाचं नाव कोणासमोर घ्यायचं नाही. घेतलं की औषधाचा गुण जातो.

हे सगळं मुलाला द्यायचं, मुलीला नाही. मुलगी लग्न होऊन जाते आणि गुण परक्या घरी नेते. मी पाटा धुवायचे. धुवायला मुलगी चालत होती. वाटताना मात्र आबा माझ्याकडं पाठ करून बसायचे.

आबांबद्दल असं लिहिताना मला बरं वाटत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, तरी मला जालन्याच्या कॉलेजात त्यांनीच घातलं. लोक हसले, तर ते लोकांशी भांडले. तेच आबा माझ्याकडं पाठ करायचे, हे मला अजून नीट जुळवता येत नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सरांनी एक वीतभर उंचीचं झाड आमच्यासमोर धरलं. आवळ्यासारखी बारीक पानं. सरांनी फांदी उलटी केली, तर पानांच्या खाली मोहरीएवढ्या हिरव्या आवळ्यांची ओळ. "भुईआवळी," सर म्हणाले. "चवीला कडू. आयुर्वेदात काविळीला देतात, लघवीच्या जळजळीला देतात, जुनाट तापाला देतात." मग त्यांनी शेजारी दुसरं झाड ठेवलं, दुधी नावाचं, तसंच दिसणारं तण. "गल्लत करू नका. हिचं देठ मोडलं की पांढरा चीक येतो. ही खोकल्या-दम्याची. भुईआवळीला चीक नसतो."

पाट्यावरून मी धुतलेली ती बारीक हिरवी फळं मला आठवली. कोणाच्या घरातलं काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. वर्गात सगळ्यांनी ते नाव वहीत लिहून घेतलं. कोणाला काही झालं नाही.

त्याच वर्षी आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं. मान हलवायचे, डाव्या हातानं खूण करायचे. औषध दादाकडं आलं. दादा जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता आणि शनिवारी गावी यायचा. आबांनी त्याला झाड एकदाच दाखवलं होतं, तेही बांधावर उभं राहून, न बोलता. बोटसुद्धा करायचं नसतं, नुसत्या नजरेनं दाखवायचं. बांधावर तर एका वितीत चार तणं असतात. आबांची नजर एकावर होती, दादानं दुसरंच घेतलं.

एका रविवारी वाटूरकडची एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून माझ्याच वयाची, पाच महिन्यांची गरोदर. डोळे हळदीसारखे. दादा पाट्यापाशी देठं मोडत होता आणि त्याची बोटं चिकानं पांढरी झाली होती. मी ते पाहिलं. तोंडापर्यंत शब्द आले आणि मी ते गिळले. वाटलं, मी काल-परवा शिकलेली. माझंच चुकत असेल. सून ते प्यायली. हातावर पाणी घालायला मी तिच्याबरोबर न्हाणीपर्यंत गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मला दवाखान्यात न्या म्हणावं ना. तुमी शिकून राह्यल्या, तुमचं ऐकतेन." मी "सांगते" म्हणाले. सांगितलं नाही.

तो आठवडा मी हॉस्टेलवर कसा काढला ते मला माहीत आहे. पुढच्या शनिवारी येताना वाळवून कागदावर चिकटवलेली भुईआवळी बरोबर आणली. रविवारी सकाळी शेतातून ओलीही उपटून आणली. अंगणात त्या दोघी बसलेल्या होत्या. सून आता भिंतीला टेकून बसली होती.

"दादा, हे झाड ते नव्हं," मी म्हणाले. "ह्याला चीक आहे. आबांच्या झाडाला चीक न्हाई."

"तुला कोनी सांगितलं?"

"पाटा मीच धुत होते ना."

"कॉलेजात गेली म्हून लई शहानी झाली. गप बैस."

मग मी नाव घेतलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "भुईआवळी. आबांचं औषध म्हणजे भुईआवळी."

सासूनं कानांवर हात ठेवले. मी आबांच्या बाजेपाशी गेले आणि दोन्ही झाडं त्यांच्यासमोर धरली. "आबा, हीच ना? नुसती मान हलवा." आबांनी माझ्या डाव्या हातातल्या भुईआवळीकडं पाहिलं. ओळखलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं की त्यांनी ओळखलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मान हलवली असती तर ते मुलीला सांगितल्यासारखं झालं असतं.

दादाला तेवढं पुरलं. "पाह्यलं? न्हाई म्हणतेत."

मी सासूला म्हणाले, "मावशी, निदान हे तरी द्या. आणि आजच्या आज जालन्याला न्या. गरोदरपणातली कावीळ आहे, पाल्यानं व्हायचं काम न्हाई."

ती म्हणाली, "नाव घेतलेलं औषध आमाला न्हाई पायजे, बाई. त्याच्यात काय राह्यलं आता? ज्याचं नाव घेतलं न्हाई, तेच द्या."

म्हणजे खरं झाड मी नाव घेतल्यामुळं बाद झालं आणि खोटं झाड बिननावाचं म्हणून चालू राहिलं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. दादानं वाटी पुढं केली, मी ती हिसकून अंगणात ओतली. दादानं मला ढकललं. मी पाट्यावर पडले. सून रडायला लागली. सासूनं तिला दंडाला धरून उठवलं आणि "घरातच ताळतंत्र न्हाई, इथं काय गुण येनार" म्हणत निघून गेली.

महिन्याभरानं सासू एकटी नारळ घेऊन आली. सुनेची शुद्ध हरपली, तेव्हा तिला जालन्याला नेलं होतं. दोन आठवडे सलाईनवर होती.

"वाचली," सासू दादाला म्हणाली. "डाक्टर काय, सुयाच टोचतेत. आधी तुमचं औषध पोटात गेल्तं म्हून वाचली."

"आणि बाळ?" मी विचारलं.

"बाळ न्हाई राह्यलं. तू वाटी सांडली न्हाई का, त्यानं."

दादा खाली बघत नारळाच्या शेंड्या काढत राहिला. त्यानं एवढं म्हणायला पाहिजे होतं की तसं काही नसतं. मी त्या बाईला म्हणाले, "माझं चुकलं ते पहिल्या रविवारी. तवाच बोलायला पाहिजे होतं."

"तू बोलायलाच नको होतं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी अंगणात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. वाचलेल्या सुनेची गोष्ट पसरली होती. मी दारात उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला झाडाचं नाव सांगितलं, आणि आधी जालन्याला जाऊन रक्त तपासून घ्या असंही सांगितलं. तिघेजण उठून गेले. दवाखान्यात गेले की दुसऱ्या औषधवाल्याकडं, मला कळलं नाही. बाकीचे माझ्याकडं न बघता दादाची वाट पाहत बसले.